दारूच्या पैशाचा दशांश : बेळगावजवळच्या एका मंडळीचं प्रकरण

बेळगावहून वेंगुर्ला रोडला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा करत बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळीपासून पुढं महाराष्ट्र. ह्या पट्ट्यातल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव घालत नाही, माणसांची पण नाही, कारण गाव एवढंसं आहे की नुसतं "फौंड्रीत जाणारा" म्हटलं तरी चौघं ओळखतील. मी बेळगावात व्यसनमुक्तीच्या कामात आहे, समुपदेशन करते, ह्या घराशी माझी ओळख दवाखान्यात झाली आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांनी लिहायला हरकत नाही म्हटलंय, फक्त ओळख पटायला नको म्हणाले. तर पिणाऱ्याला दादा म्हणूया, त्याच्या बायकोला वहिनी, किराणा दुकानवाल्यांना काका, आणि चर्चच्या महिला मंडळातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना सगळं गाव मोठी आई म्हणतं तर आपण पण तेच म्हणू.

ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चला जाणारी सगळी घरं, ही दारूच्या विरोधात, असं सगळे धरूनच चालतात, आणि ते खोटं नाही. पण ह्या प्रकरणात मला जे दिसलं ते असं की तो विरोध पिणाऱ्याच्या घरात थेट चुलीपर्यंत जातो आणि विकणाऱ्याच्या उंबऱ्यावर गेला की गप्प होतो, कारण विकणाऱ्याचं अर्पण मोठं असतं.

मंडळी कशी आहे

पंचवीस-तीस घरं, उपासना मराठीत, वळण मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडं आलं, त्यामुळं ह्या भागात दोन-तीन पिढ्यांची जुनी ख्रिस्ती घरं बरीच आहेत, कामधंदा मात्र आजूबाजूच्या गाववाल्यांसारखाच, थोडी शेती, थोडी फौंड्री, थोडी गवंडीकामं.

मेथडिस्टांचा दारूविरोध म्हणजे हल्लीचं काहीतरी नव्हे. त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याने १७४३ मध्ये आपल्या लोकांसाठी जे नियम घालून दिले त्यात कडक दारू पिणं, विकत घेणं आणि विकणं ह्या तिन्ही गोष्टींना मनाई होती, अगदीच जीवावर बेतलं तर सूट. त्या वेळी इंग्लंडात जिन नावाच्या स्वस्तातल्या दारूनं गरीब वस्त्या पोखरल्या होत्या, म्हणून त्याचा रोख स्पिरिटवर, बिअरवर नाही. विकणाऱ्यांना तर त्याने लोकांना सरसकट विष घालणारे म्हटलं होतं. तीन मनाया नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या ह्या मंडळीला त्यातली एकच पाठ होती.

पुढं अमेरिकेत टॉमस वेल्च नावाचा मेथडिस्ट दंतवैद्य झाला, त्याने १८६९ मध्ये द्राक्षाचा रस न आंबता टिकवायची युक्ती काढली, कशासाठी तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतात त्या विधीच्या, प्याल्यात सुद्धा मद्य नको म्हणून. ह्या गावात तीच रीत बेदाण्यावर चालते. अथणीकडचे बेदाणे आणतात, शनिवारी रात्री भिजत घालतात, रविवारी पहाटे उकळून, कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळतात, आणि हे काम बरीच वर्षं वहिनीकडं आहे. म्हणजे बघा, मेजावर थेंबभर आंबलेलं चालत नाही एवढी कडक मंडळी, आणि ते गाळणाऱ्या बाईच्या घरात रोज रात्री दारूचा टेट्रा पॅक फुटतोय.

आणि मराठी ख्रिस्ती बायकांना दारूविरोध कुणी बाहेरून येऊन शिकवायला पाहिजे असं पण नाही. पंडिता रमाबाई १८८६ ला अमेरिकेला गेल्या तेव्हा तिथल्या ख्रिस्ती बायकांच्या दारूबंदी संघटनेशी त्यांचं जवळचं नातं जुळलं होतं. त्या संघटनेचा मुद्दा साधा होता, की दारू पितो पुरुष आणि बिल फेडते बाई. आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या जणींना रमाबाई म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन एवढंच माहीत, हे राहून गेलंय.

दादा

दादा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला. काम उष्णतेचं, अंगमेहनतीचं, पगार आठवड्याचा, शनिवारी संध्याकाळी हातात रोख. माणूस वाईट नाही, ढोलकी सुंदर वाजवतो, चर्चच्या भजनात तोच असायचा. आधी शनिवारची क्वार्टर, मग बुधवारी पण, मग रोज दोन नाइन्टी, मग सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून कामाला जायच्या आधी एक. हा शेवटचा टप्पा आला की समजायचं आता ही सवय उरली नाही, शरीरच मागायला लागलंय, आणि इथून पुढं "मनावर घे" म्हणण्याचा काही उपयोग नसतो.

वहिनीचं माहेर चंदगड तालुक्यातलं. ती शिनोळीकडं काजू फॅक्टरीत जाते, सोलायच्या कामाला, बोटं तेलानं काळी झालेली. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार तिच्या खात्यावर येतात ते पण आलेल्या दिवशीच दादा मागायचा, नाही दिले तर भांडण, आणि भांडण म्हणजे नुसतं तोंडाचं नव्हे. मुलगी दहावीत, ती भांडणाच्या रात्री पुस्तकं घेऊन मोठ्या आईकडं झोपायला जायची.

मंडळीनं काय केलं? सगळं केलं, म्हणजे त्यांना जे माहीत होतं ते सगळं. ढोलकी काढून घेतली. प्रभुभोजनाला येऊ नको म्हणून सांगितलं. बायबलमधल्या नीतिसूत्रे २३ वर उपदेश झाला, कुणाला हायहाय, कुणाला भांडणं, कुणाचे डोळे लाल, तो भाग, आणि उपदेश चालू असताना सगळ्या माना त्याच्याकडं वळलेल्या. मग तो आत यायचा बंद झाला, उपासनेच्या वेळी बाहेर फणसाखाली बसायचा, आणि पुढं पुढं तिथंही येईना. लाज वाटून माणूस दारू सोडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ह्या धंद्यात चार दिवस यावं. लाज वाटली की माणूस आणखी पितो, आणि लपून पितो.

काकांची वही

काका त्याच मंडळीचे, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरल कमिटीवर, भला माणूस, कुणाच्या मयताला पहिला हजर. बस स्टॉपच्या तोंडालाच त्यांचं किराणा दुकान. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, त्याआधी पाकीट मिळायचं, म्हातारे अजून "पाकीट" म्हणूनच मागतात. सारायी गेली आणि तिच्या जागी स्वस्त व्हिस्कीचे नव्वद मिलीचे टेट्रा आले. लायसन्सवालं दुकान, म्हणजे सीएल-२, हे मोठ्या गावात असतं, तिथून लहान गावातल्या किराणा दुकानात, पानपट्टीत, घराच्या मागच्या दाराला माल जातो, एमआरपीवर पाच-दहा रुपये चढवून. हे बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत. काका पण हुशार, एका वेळी पंचवीसच पाकिटं ठेवायचे, कारण राज्यात माणशी २.३ लिटरपर्यंत जवळ ठेवता येते, कुणी आलंच तर घरच्यासाठी आहे म्हणायला मोकळं. तांदळाच्या पोत्यामागं खोका, एक स्टीलचा ग्लास, आणि शेंगदाणे फुकट.

आता वहीचं सांगते, कारण सगळं प्रकरण तिथून फिरलं. काकांकडं सगळ्यांची उधारी असते, प्रत्येक घराची लाल वही. वहिनी एका महिन्याला हिशेब करायला गेली, वही उघडली तर साखर, तेल, चहापूड, आणि साबण. साबण, साबण, साबण. एका तारखेला तीन साबण. तिनं तिथंच उभं राहून मोठ्यानं विचारलं,

"काय वो काका, म्हयन्यात एवढे साबण? आमी काय गाव धुतो काय?"

दुकानात उभी असलेली माणसं हसली. काका पण कसंनुसं हसले आणि म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला विचार की गा." म्हणजे दारूची उधारी साबण म्हणून लिहिलेली, आणि ती फेडायची वहिनीनं, काजूच्या पैशातून. मी ती वही नंतर पाहिलीय. अक्षर सुरेख आहे.

कोहाळ्याचा लिलाव

२०२३ चा हंगामाचा सण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चर्चमध्ये वर्षातून एकदा पहिलं पीक आणून ठेवतात, भाताच्या लोंब्या, रताळी, केळीचे घड, कोंबडी सुद्धा, आणि उपासना झाली की अंगणात लिलाव होतो, पैसा चर्चच्या कामाला. त्या वर्षी छपराचं काम काढलेलं. एक कोहाळा आला, बरा मोठा, बाजारात शंभराला मिळाला असता. बोली शंभरवरून दोनशे, पाचशे, मग काकांनी एकदम अकराशे म्हटलं. टाळ्या. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, माईकवरून आशीर्वाद दिला, आणि तो माईक, ते दोन स्पीकर, मिक्सर, सगळी साउंड सिस्टिम आदल्या वर्षी काकांनीच दिलेली. वहिनी मागं बेदाण्याचं पातेलं घासत होती. तिनं मला सांगितलं की टाळ्या पडताना ती मनात साबण मोजत होती.

काका वाईट हेतूनं देत होते असं मला वाटत नाही. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, तो चोख, छपराला वेगळे, नाताळला मुलांना खाऊ. अशी माणसं मनात कुठंतरी दोन खाती ठेवतात, आणि चर्च त्यांना ती ठेवू देतं, कारण छप्पर गळतंय.

लेंटमधले तीन दिवस

२०२४ च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, पाळकसाहेबांनी दादाला मनापासून बोलावलं, घरी आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, म्हणाले आजपासून बंद, उपास धर, प्रभू उचलून धरील. दादा रडला, आणि त्याने खरंच बंद केली, एका दिवसात, पूर्ण. सगळ्यांना आनंद. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून मुंग्या चालताना दिसायला लागल्या, छपरातून कुणीतरी हाका मारतंय म्हणून उठून पळायला लागला, आणि पहाटे फिट आली.

आता इथं बघा काय झालं. शेजारच्या गावातला एक प्रार्थना ग्रुप आला, त्यांचं म्हणणं हा दुष्टात्मा आहे, दारूचा आत्मा बाहेर पडायलाय, दवाखान्यात नेऊ नका, विश्वास डळमळेल. दोन तास मोठमोठ्यानं प्रार्थना चालली, माणूस खाटेला धरून ठेवलेला, अंग तापलेलं. शेवटी वहिनीच्या भावानं, तो पिकअप चालवतो, कुणाचं न ऐकता १०८ ला फोन लावला आणि बेळगावला आणलं.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली की मेंदू खवळतो. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, भास आणि भ्रम दोन ते चार दिवसांत, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस मरू पण शकतो. ह्यात भूत नाही, पाप नाही, रसायन आहे. डॉक्टर झोपेच्या गोळीच्या जातीतलं औषध मोठ्या डोसनं सुरू करून हळूहळू कमी करतात, आणि बी-१ म्हणजे थायमिन टोचतात, ते ग्लुकोजच्या आधी द्यायची काळजी घेतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा व्हायची भीती. धारवाडच्या डिमहान्ससारख्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ही सोय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी पण होते. ज्या पाळकांना हे माहीत नाही त्यांनी उपास-प्रार्थना जरूर करावी, पण आधी पेशंटला डॉक्टरकडं न्यावं, मग काय करायचं ते करावं. पाळकसाहेब दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टरनी त्यांना हेच सांगितलं, की बंद करायची असेल तर इथं आणून बंद करा. त्यांना लागलं ते, चेहऱ्यावरून दिसत होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढं जे झालं त्यात त्यांनी अडथळा आणला नाही हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच पाहिजे.

महिला मंडळात विषय निघाला

ईस्टरनंतरची पहिली मिटिंग. अजेंडा होता दादासाठी प्रार्थना. मोठी आई म्हणाल्या प्रार्थना करू की, पण आधी मला एक सांगा, तो पितो ते कुठनं आणतो? सगळ्या गप्प. सगळ्यांना माहीत. काकांची बायको पण तिथंच बसलेली.

मग वहिनीनं साबणाची वही पुढं ठेवली.

मोठी आई शाळा फारशी शिकलेल्या नाहीत पण बायबल तोंडपाठ. त्यांनी दोन ठिकाणं काढायला लावली. एक हबक्कूक २:१५, शेजाऱ्याला दारू पाजणाऱ्याला धिक्कार, म्हणजे पिणाऱ्याला नव्हे, पाजणाऱ्याला. आणि दुसरं मत्तय २७:६, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदानं तीस नाणी परत आणून टाकली तेव्हा याजक म्हणाले हे रक्ताचे पैसे, भांडारात घालता येत नाहीत. "ज्यांनी प्रभूला क्रुसावर दिलं त्यास्नी पण एवढं कळत होतं," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

ठराव साधा झाला, की दारूच्या विक्रीतून आलेला पैसा चर्चनं घेऊ नये. तो कमिटीपुढं गेला आणि तिथं खरी जुंपली. काकांनी आपली बाजू मांडली, आणि ती काही अगदीच टाकाऊ नव्हती. काना गावच्या लग्नात प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला, ते काय सरबत होतं काय? प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून नाही लिहिलं? खानापूरकडचे कॅथलिक मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेत, खरा वाइन वापरतात, लग्नात टोस्ट उचलतात, ते काय ख्रिस्ती नव्हेत? आणि सगळ्यात वजनदार, सरकारच विकतंय की, एमएसआयएल ह्या सरकारी कंपनीचं दारूचं दुकान कुणाचं? कर्नाटक सरकारनं २०२५-२६ साठी अबकारीतून ४० हजार कोटींचं टार्गेट ठेवलं हे त्यानंतरचं, पण तेव्हाही आकडा त्याच घरातला होता. मी नाही विकलं तर दुसरा विकेल.

कॅथलिकांचं त्यांनी सांगितलं ते खरं आहे. त्यांच्यात प्रमाणात घेणं हे पाप नाही. पण त्यांच्यातच आयर्लंडात फादर मॅथ्यू नावाचा धर्मगुरू झाला, १८३८ पासून त्याने लाखो लोकांकडून दारू सोडायची शपथ घेवविली, म्हणजे हा प्रोटेस्टंटांचाच हट्ट आहे असंही नाही. माझं मत विचाराल तर बायबलमध्ये सरसकट बंदी नाही, ओढूनताणून ती काढू नये, काढली की काकांसारखी माणसं काना गाव पुढं करतात आणि वाद तिथंच अडकतो. बंदीचं कारण बायबलच्या ओळीत शोधण्यापेक्षा त्या लाल वहीत जास्त चांगलं सापडतं.

काना गावावर मोठ्या आईनं कमिटीच्या दारातूनच उत्तर दिलं, बायकांना आत बसायची परवानगी नव्हती म्हणून त्या दारात उभ्या होत्या. "प्रभूनं फुकट दिला, उधारीवर न्हाई."

ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. काका उठून गेले, त्यांच्याबरोबर पाच-सहा घरं गेली, छपराचं काम अर्धवट राहिलं आणि त्या पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला बादली ठेवून उपासना चालली.

अर्ज, आणि त्याचं काय झालं

अर्जाचं लवकर संपवते. काकांच्या दुकानातली दारूविक्री बंद करा म्हणून बायकांनी मराठीत अर्ज लिहिला, तो एका कार्यालयातून कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत आला, अंगणवाडीच्या टीचरनी कन्नडमध्ये लिहून दिला, रेड झाली, आणि रेडच्या दिवशी पोत्यामागं फक्त पोती होती. फोन आधी गेलेला. गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

वहिनीच्या माहेरचे म्हणायचे, आमच्याकडं बाटली आडवी करतात, तुम्ही पण करा की. महाराष्ट्रात तो नियम आहे, पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हद्दीच्या अलीकडं असं काही नाही. २०१९ च्या जानेवारीत रायचूरकडच्या आणि इतर जिल्ह्यांतल्या बायका चित्रदुर्गाहून बेंगळुरूपर्यंत चालत गेल्या दारूबंदी मागायला, अंगणवाडीच्या टीचरला ते आठवत होतं, तिनं ग्रामसभेत सांगितलं. पण खरं सांगायचं तर आडवी बाटली इथं असती तरी काय उपयोग? तो नियम लायसन्सच्या दुकानाला. काकांचं दुकान कागदावर किराणा आहे. जे आधीच बेकायदेशीर आहे त्याला मतदान करून कसं बंद करणार.

मग बंद कसं झालं

किराणा बंद करून. हे महिला मंडळाचं एकटीचं काम नव्हतं, चर्चच्या बायका अशा किती, आणि त्यातल्या काही काकांच्या नात्यातल्या. पण गावातल्या मराठा आणि लिंगायत घरांच्या पण वह्या काकांकडंच, आणि त्या वह्यांत पण साबण होते. बचत गटाच्या मिटिंगमध्ये एकेकीनं आपापली वही आणली तेव्हा आधी हशा पिकला आणि मग एकदम कुणी बोलेना. तिथं एकीनं वहिनीला तोंडावर विचारलं, तुमच्या चर्चला त्याचा माईक चालतो आणि आमाला सांगायला आलाय होय? वहिनी म्हणाली, आता नाही घेत त्याचे पैसे, छप्पर गळतंय बघून जा. ठराव झालेला नसता तर तिला हे उत्तर देता आलं नसतं, आणि मला वाटतं त्या मिटिंगमध्ये गट तिच्या बाजूनं झाला तो ह्या एका उत्तरावर.

ठरलं असं की काकांकडनं काडेपेटी पण घ्यायची नाही. पूर्वी हे जमलं नसतं, बाजाराला जायचं तर जाण्यायेण्याचंच भाडं. पण जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे. महिन्याचा बाजार चौघी-चौघी मिळून बेळगावला रविवार पेठेतून आणायच्या, पोतं बसमध्ये चढवायला कंडक्टर कुरकुर करायचा, पण तांदूळ, तेल, डाळ गावापेक्षा स्वस्त पडायला लागली, म्हणजे बहिष्कार घालून वर पैसे वाचले! उधारी मात्र मिळत नाही तिथं, रोख लागतं, म्हणून गटानं आपल्यातच छोटं कर्ज सुरू केलं. नवरे चिडले, दोघी-तिघींनी मार खाल्ला, हे पण लिहिलं पाहिजे, बायका जिंकल्या असं गोड चित्र काढायला मी बसलेली नाही.

गणपतीपर्यंत काकांच्या दुकानात तेलाचे डबे तसेच. टेट्रामागं पाच-दहा रुपये सुटायचे, पण दुकान उभं होतं ते किराणावर. दिवाळीच्या आधी त्यांनी खोका आणणं थांबवलं. पश्चात्तापानं की हिशेबानं, ते त्यांनाच माहीत, मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दोनी म्हणा की."

आता काय परिस्थिती आहे

पुढच्या फाट्यावर एका पानपट्टीत टेट्रा मिळायला लागलेत. दीड किलोमीटर लांब. ज्यांना प्यायचीच आहे ते जातात, किंवा हद्द ओलांडून देशीच्या दुकानात जातात, गोव्याचा माल चोर्ल्याच्या बाजूनं येतो तो वेगळाच. पण घराच्या वाटेवर, उधारीवर, मुलाला चिठ्ठी देऊन आणायची सोय गेली, आणि माझ्या कामात मी बघितलंय की हे अंतर आणि हा रोखीचा अडथळा बऱ्याच जणांना पुरतो. सगळ्यांना नाही.

दादाला नाही पुरला. दवाखान्यातून आल्यावर नाताळपर्यंत तो कोरडा होता, नाताळच्या आदल्या रात्री कॅरोल म्हणत घरोघर फिरताना एका घरात कुणीतरी पाजली, ख्रिस्ती घरातच, आणि आठवड्यात गाडी पूर्वपदावर. ह्या वेळी मंडळीनं ढोलकी काढून घेतली नाही. पाळकसाहेब स्वतः त्याला घेऊन डॉक्टरकडं आले. त्यानंतर धर्मस्थळ देवस्थानाच्या ग्रामविकास योजनेचं आठ दिवसांचं मद्यवर्जन शिबिर जवळच लागलं होतं, तिथं पाठवायचं की नाही ह्यावर परत चर्चा, कारण तिथं सकाळी भजन, पूजा असते. मोठी आई म्हणाल्या देवळात दवाखाना असला तर औषध बाटतं काय. दादा गेला, भजनाला ढोलकी पण वाजवली म्हणे. आता शिबिराच्या लोकांची नवजीवन समितीची मिटिंग असते तिथं जातो, रविवारी चर्चला पण येतो. फौंड्रीच्या मेस्त्रीनं त्याचा पगार शनिवारऐवजी सोमवारी सकाळी द्यायचं कबूल केलं, ही कल्पना वहिनीची, आणि माझ्या मते सगळ्या उपदेशांपेक्षा ती उपयोगी पडली. मधे एकदा घसरला, दोन दिवस, तिसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. मुलगी दहावी पास होऊन कॉलेजला आहे.

काका परत यायला लागलेत, मागच्या बाकावर बसतात, अर्पणाच्या थैलीत काय टाकतात ते कुणी बघत नाही. कमिटीपुढं सध्या अडलंय ते साउंड सिस्टिमवर. ती ठरावाच्या आधीची आहे म्हणून राहू दे असं कमिटीतल्या बऱ्याच जणांना वाटतं. मोठ्या आईचं म्हणणं विकून टाका आणि जे येतील त्यातून दादासारख्यांच्या औषधाचा आणि गाडीभाड्याचा खर्च करा. पाळकसाहेब म्हणतात काकांना विचारल्याशिवाय विकणं बरं नव्हे. काकांना विचारलं तर ते म्हणाले, विका, पण मिक्सर चांगला आहे, कमी भावात देऊ नका.